अंधार दाटलेला असताना आगमनकाळ कसा पाळावा

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी चर्चमध्ये जो शुभवर्तमानाचा उतारा वाचतात, तो एकदा लक्ष देऊन ऐका. त्यात गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, पूर्वेचा ताराही नाही. लूकच्या एकविसाव्या अध्यायात सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांत चिन्हं दिसतात, समुद्राच्या गर्जनेनं राष्ट्रं गांगरून जातात आणि जगावर काय ओढवणार या धास्तीनं माणसांचे प्राण कासावीस होतात. ज्या वर्षी मत्तय किंवा मार्क वाचायचा असतो, त्या वर्षीही सूर तोच असतो: जागे राहा, घटका तुम्हांला ठाऊक नाही. नाताळच्या तयारीची सुरुवात ख्रिस्ती मंडळी दरवर्षी अशा अवघड बातमीनं करते. आणि त्याच उताऱ्यात प्रभू सांगतो की हे घडू लागेल तेव्हा ताठ उभे राहा, डोकी वर करा, कारण तुमची सुटका जवळ आली आहे.

म्हणून ज्यांचं हे वर्ष वाईट गेलं त्यांनी आगमनकाळापासून लांब राहू नये असं मला मनापासून वाटतं. घरात आजारपण आहे, काम सुटलंय, माणूस गेलंय, शेत वाहून गेलंय, मुलगा बोलत नाही, देशोदेशीच्या लढायांच्या बातम्यांनी झोप लागत नाही. अशा वेळी "यंदा आमचा नाताळ नाही" असं म्हणून बरीच घरं दार लावून घेतात. तारा टांगायचा की नाही, करंज्या करायच्या की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण नाताळच्या आधीचे हे चार आठवडे आनंदी माणसांसाठी राखून ठेवलेले नाहीत. वाट पाहणाऱ्यांसाठी आहेत. ही वाट रोज कशी पाहायची, ते पुढे क्रमानं लिहिलं आहे. सगळंच करायला हवं असं नाही. आधी पूर्ण वाचा, मग आपल्याला झेपतील अशा दोन-तीन गोष्टी निवडा.

आधी दिवस, वेळ आणि जागा

पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा तर कधी २८ दिवसांचा असतो. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला सुरू होईल आणि पुढचे रविवार ६, १३ आणि २० डिसेंबरला येतील. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

दिवसातली दहा मिनिटं पुरे. ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून घ्या: सकाळच्या चहाआधी, किंवा रात्रीची जेवणं झाल्यावर भांडी उचलण्याआधी. रात्रपाळी असेल तर घरी येऊन झोपण्याआधी. जागा एकच ठेवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचत बसू नका. त्या दिवसाचं तेवढंच घ्या. खचलेल्या माणसाला मागची बाकी अंगावर ठेवून प्रार्थना होत नाही.

जे बिघडलंय त्याचं नाव घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त गरज हिचीच आहे. आपल्याकडे प्रार्थनेची सुरुवात आभारानं करायची सवय असते. ती चांगलीच आहे. पण ज्याच्या छातीवर दगड आहे तो आभारांची चार वाक्यं कशीबशी म्हणतो आणि खरं काय ते गिळून टाकतो. बायबलमधले स्तोत्रकर्ते तसं करत नाहीत. स्तोत्र १३ जेमतेम सहा ओव्यांचं आहे. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद देवाला चार वेळा "कोठवर?" असं विचारतो. मला विसरलास का, तोंड का लपवतोस, असं सरळ विचारतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं; त्याच्या शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि शतकानुशतकं उपासनेत म्हटलं गेलंय.

पहिल्या आठवड्यात एक दिवस कागद-पेन घेऊन बसा आणि आपलं विलापाचं स्तोत्र लिहा. मोबाइलवर नको, हातानं. वर तारीख घाला. स्तोत्र १३ चा क्रम धरला तर सोपं जातं: आधी हाक, मग तक्रार, मग मागणी, शेवटी देवानं पूर्वी केलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण. भाषा आपल्या घरातली असू दे. कंपनी बंद पडून नवरा घरी बसलेली एखादी बाई असं लिहील:

"प्रभू, ऐक. ऑगस्टपासून ह्यांचं काम बंद आहे. खोलीचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय. घरमालक जिन्यात भेटला की मी खाली बघून चढते. धाकटीला सहलीला पाठवलं नाही, तिला सांगितलं की थंडी बाधेल. ते खोटं होतं, पैसे नव्हते. हे रात्री उठून गॅलरीत उभे राहतात, मला भीती वाटते. डिसेंबर संपायच्या आत ह्यांना काम दे. तोवर भाड्याचा मार्ग काढ. कोविडच्या वर्षी तू आम्हांला उपाशी ठेवलं नाहीस, हे मला आठवतं."

यात सगळं ठोस आहे. घरमालक आहे, जिना आहे, सहल आहे. "सर्वांचं भलं कर" अशी मोघम प्रार्थना कुणालाच नको असते असं नाही. पण स्वतःचं दुःख देवापुढे मांडताना मोघमपणा आड येतो. काय मागितलं हेच स्पष्ट नसेल तर काय मिळालं हेही कळत नाही.

शेतकरी घरांसाठी हबक्कूकचा तिसरा अध्याय आहे. त्याच्या शेवटी संदेष्टा एकेक नुकसान मोजतो: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक गेलं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एवढी यादी झाल्यावर तो म्हणतो की तरीसुद्धा मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं ज्यांच्या जमिनी खरवडून गेल्या, त्यांना ही यादी समजावून सांगावी लागत नाही. तुम्हीही तुमची यादी करा: सोयाबीन कुजलं, विहिरीत गाळ भरला, म्हैस गेली, सोसायटीचं कर्ज तसंच आहे. हबक्कूकची शेवटची ओळ मनापासून म्हणता आली तर लिहा. नाहीच आली तर जागा कोरी सोडा. महिनाभरात ती कधी भरता येईल ते कळेल. घाईनं लिहिलेल्या विश्वासाच्या ओळीपेक्षा कोरी जागा अधिक प्रामाणिक असते, आणि देवाला ती वाचता येते.

कागद घडी करून बायबलमध्ये ठेवा. तो पुढे लागणार आहे.

बातम्यांना एक वेळ द्या

जग कुठे चाललंय हे माहीत असावं. पण दिवसभर फोनवर तेच तेच पाहिल्यानं कुणाचंही दुःख कमी होत नाही, आपली ताकद मात्र जाते. या चार आठवड्यांत बातम्या दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी वाचा किंवा पाहा. झोपण्याआधीच्या तासात नको. त्यातली एक बातमी निवडा, त्यातल्या माणसांसाठी एक वाक्य प्रार्थना करा आणि थांबा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली भीतीदायक गोष्ट पुढे पाठवण्याआधी ती खरी आहे का ते तपासा. नसेल तर तिथेच थांबवा. अफवा थांबवणं हेही या दिवसांतलं एक भक्तीचं काम आहे.

चार आठवडे, चार उतारे

आठवड्याला एकच उतारा घ्या आणि तोच सातही दिवस वाचा. रोज नवं वाचण्यापेक्षा थकलेल्या मनाला हे मानवतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादं वाक्य आपोआप थांबवतं; तिथे थांबा.

पहिल्या आठवड्यात लूक २१:२५–३६, ज्याबद्दल वर लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात यशया ४०:१–११. "सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा" हे शब्द कुणासाठी होते ते लक्षात ठेवून वाचा. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि लोकांना पकडून नेलं. परक्या मुलखात एक पिढी म्हातारी झाली, दुसरी जन्मली. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश यानं बाबेल घेतलं, त्यानंतर परतीची वाट उघडली. म्हणजे हा दिलासा जवळपास पन्नास वर्षं ताटकळलेल्या माणसांना मिळाला. "लवकरच सगळं ठीक होईल" असं तो म्हणत नाही. गवत सुकतं, फूल कोमेजतं, देवाचं वचन टिकतं, असं म्हणतो. आणि अकराव्या ओवीत मेंढपाळ कोकरं उराशी धरून चालतो आणि दूध पाजणाऱ्या मेंढ्यांना जपून नेतो. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांनी या ओवीपाशी थोडं जास्त थांबावं.

तिसरा आठवडा मत्तय ११:२–११. हा उतारा मला आगमनकाळाचा गाभा वाटतो. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. गालीलचा शासक हेरोद अंतिपा यानं त्याला मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मखेरस किल्ल्यात ठेवलं होतं, असं यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो. ज्यानं यार्देनेच्या काठी येशूकडे बोट दाखवून लोकांना सांगितलं होतं, तोच आता शिष्यांच्या हाती निरोप धाडतो: जो येणार होता तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? योहानालाच शंका आली. येशू त्याच्यावर रागावत नाही. शिष्यांना म्हणतो, तुम्ही जे ऐकता आणि पाहता ते त्याला जाऊन सांगा: आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. निरोप घेऊन आलेले परत जायला निघाल्यावर तो लोकसमुदायापुढे योहानाची भरभरून स्तुती करतो.

पण योहान सुटला नाही. पुढे त्याचं शिर कापलं गेलं. हे झाकून ठेवून आशेबद्दल बोलता येत नाही. ख्रिस्ती आशा प्रत्येक तुरुंगाचं दार या जन्मी उघडेल असं वचन देत नाही. जो येणार होता तो आला आहे, त्याचं काम चालू आहे आणि ते आपल्या कोठडीच्या भिंतीपाशी थांबत नाही, एवढं ती सांगते. मनात शंका असताना प्रश्न योग्य ठिकाणी पाठवणं, हे योहानानं केलं. आपणही तेच करायचं.

हा उतारा तुरुंगात बसून जगलेली दोन माणसं विसाव्या शतकात एकाच तुरुंगात होऊन गेली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात १९४३ च्या नोव्हेंबरात लुथरन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी मित्राला पत्रात लिहिलं की तुरुंगाची कोठडी आणि आगमनकाळ यांत साम्य आहे: माणूस वाट पाहतो, आशा धरतो, काही बारीकसारीक करत राहतो, पण दाराला कुलूप आहे आणि ते बाहेरूनच उघडू शकतं. पुढच्या वर्षी, १९४४ च्या आगमनकाळात, तिथेच आल्फ्रेड डेल्प नावाचे, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू होते. नाझी राजवटीविरुद्धच्या गटाशी संबंध असल्यावरून त्यांना जुलैमध्ये अटक झाली होती. हातांत बेड्या असताना त्यांनी कागदाच्या तुकड्यांवर आगमनकाळाची मननं लिहिली आणि धुण्याच्या कपड्यांतून ती गुपचूप बाहेर गेली. आगमनकाळ माणसाला हादरवून जागं करतो, हा त्या मननांतला मुख्य धागा. ८ डिसेंबर १९४४ रोजी, कोठडीत असतानाच, त्यांनी आपल्या संघाची अंतिम व्रतं घेतली. २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना फाशी दिलं, वय ३७. बोनहॉफरनाही त्याच वर्षी ९ एप्रिलला फाशी झाली.

या दोघांची गोष्ट मी इथे घेतली ती ते शूर होते म्हणून नव्हे. दोघांनीही त्या दिवसांत काय केलं ते पाहा: लिहिलं, प्रार्थनेच्या वेळा पाळल्या, बाहेरच्या माणसांची चौकशी केली. दार उघडणं हातात नव्हतं. बाकीचं होतं. तिसऱ्या आठवड्यात एक कागद घेऊन त्यावर दोन रकाने करा: माझ्या हातात नसलेलं आणि माझ्या हातात असलेलं. पहिला रकाना प्रार्थनेसाठी. दुसऱ्यातली एक गोष्ट त्याच दिवशी करा, मग ती दवाखान्याची फाइल लावून ठेवण्याइतकी छोटी का असेना.

चौथ्या आठवड्यात लूक १:२६–५६. मरीयेला दूताचा निरोप मिळाल्यावर ती घरात बसून राहत नाही. यहूदातल्या डोंगराळ भागात आपल्या नातलग अलीशिबेकडे घाईनं जाते आणि सुमारे तीन महिने तिथे राहते. एक तरुण मुलगी, एक वय झालेली बाई, दोघीही गरोदर, दोघींचीही परिस्थिती लोकांना समजावून सांगायला कठीण. या उताऱ्यातलं मरीयेचं स्तुतिगीत एकांतात आलेलं नाही, अलीशिबेच्या उंबऱ्यात आलंय. या आठवड्यात तुमची अलीशिबा कोण ते ठरवा आणि तिच्याकडे जा. मुलगा जहाजावर किंवा आखातात असेल तर ठरलेल्या वेळी फोन करून दोघांनी हेच गीत वाचा, एकानं अर्धं, दुसऱ्यानं अर्धं.

मेणबत्त्यांचं कडं

आगमनकाळात दर रविवारी एक जास्त पेटवायच्या चार मेणबत्त्यांच्या प्रथेचा उगम हॅम्बुर्गमध्ये आहे. १८३९ साली योहान हिनरिख विखेर्न हे पाळक तिथे गरीब, निराधार मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं सारखी विचारत, म्हणून त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या वारांच्या छोट्या लाल. रोज एक जास्त लागे. ज्या मुलांच्या वाट्याला घर आलं नव्हतं त्यांच्यासाठी हे सुरू झालं, हे ध्यानात ठेवलं तर महागडं, सजवलेलं कडं आणण्याची गरज वाटत नाही.

घरी असं करा. पितळेचं ताट किंवा परात घ्या, त्यात दोन बोटं जाडीची ओली वाळू पसरा आणि चार मेणबत्त्या गोलाकार खोचा. कडेनं आंब्याची किंवा अशोकाची पानं लावा. दर शनिवारी बदला, कारण वाळलेली पानं चटकन पेट घेतात. रंग मिळाले तर तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी; नाहीतर चारही पांढऱ्या चालतात. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, म्हणून ती सगळ्यांत जाड घ्या. पडद्याजवळ आणि पंख्याखाली ताट ठेवू नका, आणि वाचन संपलं की विझवा.

बऱ्याच ठिकाणी चार रविवारांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावं देतात. पहिल्या रविवारी पेटवायची एकच. घरातल्या लहानाला पेटवू द्या, मोठ्यानं हात धरावा. खोलीतले दिवे बंद करा. त्या आठवड्याचा उतारा वाचा, मग प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायातली हाक: "ये, प्रभू येशू." बायबल संपायला एकच ओवी उरलेली असताना ही हाक येते. मुलांनी प्रश्न विचारले तर खरी उत्तरं द्या. "बाबा अजून आजारी आहेत, आपण देवाकडे मागतोय, डॉक्टर प्रयत्न करताहेत" हे सात वर्षांच्या मुलाला समजतं. त्याला जे सांगितलं जात नाही त्याची भीती जास्त असते.

दोन अंगरखे

लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक योहानाला विचारतात, मग आम्ही काय करावं? त्याचं उत्तर अगदी घरगुती आहे: ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्यानं ज्याला नाही त्याला एक द्यावा, ज्याच्याजवळ अन्न आहे त्यानंही तसंच करावं. स्वतःच्या अडचणीत असलेल्या माणसालाही हे करता येतं, आणि करावं.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण पंडिता रमाबाई आहेत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत त्यांनी आई, वडील आणि मोठी बहीण गमावली. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, उपाशी आणि असहाय मुली-बायांना घेऊन आल्या आणि पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आपल्यावर जे गुदरलं ते दुसऱ्या मुलीवर गुदरू नये, एवढ्या साध्या निश्चयातून ते काम झालं. तुमच्यावर या वर्षी जे आलं त्यातून कुणाचं दुःख तुम्हांला इतरांपेक्षा लवकर ओळखता येतं, ते पाहा. ज्यानं डायलिसिसच्या रांगेत महिने काढलेत त्याला त्या रांगेतल्या नवख्या माणसाला काय विचारावं हे कळतं.

करताना काही पथ्यं पाळा. एकच कुटुंब किंवा एकच माणूस निवडा. गरज काय आहे ते शांतपणे विचारा. ब्लँकेटं पाच जण देतात, औषधाच्या बिलाचं कुणी विचारत नाही. शाळेची फी, वीजबिल, खोलीचं भाडं, रुग्णालयात जायचं रिक्षाभाडं, अशा गोष्टींनी खरा आधार मिळतो. पैसे द्यायचे तर बंद पाकिटात द्या, फोटो काढू नका. तुमचं नाव नको असेल तर पाळकांमार्फत किंवा धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत पोचवता येतं. पैसे नसतील तर वेळ द्या: म्हाताऱ्या शेजाऱ्याला बँकेत घेऊन जा, आजारी माणसाजवळ दोन तास बसा म्हणजे घरच्या बाईला झोपता येईल. तुम्हांला कुणी मदत देऊ केली तर तीही घ्या. घेणाऱ्याचा हात खालचा नसतो. या काळात आपण ज्याची वाट पाहतो तो स्वतः गोठ्यात, दुसऱ्याच्या जागेत जन्मला.

ज्या घरी या वर्षी माणूस गेलं

या घरांना डिसेंबर सगळ्यांत जड जातो. ताट वाढताना हात एक ताट जास्त काढतो. त्या माणसाचं नाव घ्यायचं टाळलं म्हणजे दुःख टळतं असं नाही.

वर्षातली सर्वांत मोठी रात्र २१ किंवा २२ डिसेंबरला येते. आपल्याकडे त्या सुमारास दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. त्या संध्याकाळी एक छोटी प्रार्थना ठेवा, घरी किंवा मंडळीत. प्रत्येकानं गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहावं आणि त्याची एक सवय सांगावी: बाबा करंजीच्या सारणात जायफळ जास्त घालायला लावायचे, आजी चर्चला निघताना तीनदा कुलूप ओढून बघायची. मग स्तोत्र १३०, ज्यात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक उत्कंठेनं जीव प्रभूची वाट पाहतो. मग एक भजन आणि चहा. भाषण नको. कोविडच्या काळात ज्यांना आपल्या माणसाला नीट निरोप देता आला नाही, त्यांना अशा संध्याकाळची अजूनही गरज आहे. २०२० साली महाराष्ट्रातली चर्चेस १६ नोव्हेंबरला उघडली, दोन आठवड्यांत आगमनकाळ लागला आणि २२ डिसेंबरपासून शहरांत रात्रीची संचारबंदी आली, त्यामुळे मध्यरात्रीची उपासनाही अलीकडे घ्यावी लागली. रडायला वेळच मिळाला नव्हता.

घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरल पार्टीतल्या तरुणांना एक विनंती. दुःखाचं घर वगळून पुढे जाऊ नका. आधी फोन करून विचारा. "या" म्हणाले तर ढोलकी बाहेर ठेवा, आत जाऊन एकच संथ गीत म्हणा, प्रार्थना करा, दोन मिनिटं बसा. "देवाची इच्छा", "सगळं चांगल्यासाठीच होतं" ही वाक्यं नकोत. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले होते, एक शब्द न बोलता. त्यांनी तोंड उघडलं तिथून बिघडलं.

प्रार्थना होतच नसेल तेव्हा

काही जणांना यातलं काहीच जमणार नाही. पुस्तक उघडलं तरी अक्षरं आत जात नाहीत. अशा वेळी विश्वास कमी पडला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसं एका पक्षाघाती माणसाला छतातून खाली सोडतात, आणि येशू त्यांचा विश्वास पाहून त्याच्याशी बोलतो. खाटेवरच्या माणसानं त्याआधी एक शब्दही उच्चारल्याचं मार्क सांगत नाही. तुमची खाट काही दिवस इतरांना उचलू द्या. मंडळीतल्या दोघांना स्पष्ट सांगा, "मला प्रार्थना जमत नाही, तुम्ही माझ्यासाठी करा." उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपल्या मराठी मंडळ्यांत पेटी-तबल्यावर गायली जातात. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा ती ऐका, जमलं तर गुणगुणा.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं आणि प्रार्थना करणं यांत विरोध नाही. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. घरातल्या कुणाबद्दल अशी शंका आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका, सरळ विचारा आणि सोबत जा. "उपास कर, बरं वाटेल" एवढ्यावर त्याची बोळवण करू नका.

२४ डिसेंबर आणि त्यानंतर

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बायबलमधला तो घडी केलेला कागद काढा. जी मागणी पूर्ण झाली तिच्यापुढे तारीख घाला. जी झाली नाही ती तशीच राहू द्या आणि कागद सोबत घेऊन उपासनेला जा. लूकचा दुसरा अध्याय ऐकताना तो खिशात असू दे. बाळ जन्मलं तेव्हा रोमी सत्ता होती तशीच होती, आणि मत्तय सांगतो की थोड्याच दिवसांत योसेफाला बाळ आणि आई घेऊन रातोरात मिसर देशाला पळावं लागलं. तारणारा अशाच जगात आला.

नाताळ २५ तारखेला संपत नाही. ६ जानेवारीच्या प्रभूच्या प्रकटीकरणाच्या (एपिफनीच्या) सणापर्यंत बारा दिवस तो चालतो. २६ ला सगळं आवरून टाकायची घाई करू नका. कड्यातल्या उरलेल्या मेणबत्त्या या दिवसांत रोज जेवताना लावा. कागदावर राहिलेल्या मागण्या नव्या पानावर उतरवा आणि वर नव्या वर्षाची तारीख घाला. आणि डिसेंबरात ज्या घरी पाकीट दिलं त्यांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन करा. नाताळनंतर मदतीचा ओघ थांबतो, पण भाड्याची तारीख पुन्हा येते.